सिक्युरिटी क्लिअरन्सचा फॉर्म आणि कॉलेजातला गांजा : खरं लिहावं का?

कोलंबियाकर

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असतो. आजवर लिहिलं ते बागकामाच्या धाग्यावर, टोमॅटोच्या किडीबद्दल. आजचा विषय घरचा आहे, म्हणून काही तपशील गाळलेत.

आम्ही मेरीलँडमध्ये राहतो. मुलगा इथेच जन्मला, बावीस वर्षांचा आहे, यंदा मे महिन्यात कंप्युटर इंजिनिअरिंग संपलं. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीची ऑफर आलीय. अट एकच, सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय सरकारी कामाची परवानगी, मिळाला पाहिजे. त्यासाठी एसएफ-८६ नावाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. छापला तर शंभराहून जास्त पानं होतात. गेल्या शनिवारी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून भरत होतो. पत्ते, नोकऱ्या, नातेवाईक सगळं झालं, मग आलं कलम २३. गेल्या सात वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलेत का?

मी पुढच्या पानावर जाणार होतो. तो म्हणाला, "बाबा, थांब. इथे 'हो' लिहावं लागेल."

मला वाटत होतं हा बिअरलाही हात लावत नाही. तर कॉलेजच्या चार वर्षांत दहा-बारा वेळा गांजा, शेवटचा गेल्या ऑगस्टात मित्राच्या वाढदिवसाला, तोही गमीच्या, म्हणजे चघळायच्या गोळीच्या रूपात. शिवाय एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटची, एकाग्रतेसाठी डॉक्टर देतात ती अ‍ॅडरॉलची गोळी.

मी पहिलं वाक्य बोललो ते असं : "मग नको ना लिहूस. कुणाला कळणार आहे?" वर हेही म्हणालो की मेरीलँडमध्ये १ जुलै २०२३ पासून गांजा कायदेशीर आहे. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. प्रश्नाच्या वरच लिहिलंय की राज्यात परवानगी असली तरी उत्तर फेडरल कायद्याप्रमाणे द्यायचं.

त्या दिवसापासून घरात ताणाताणी आहे. बायको म्हणते त्याला लिहू दे. मला वाटतं, पोरगं पहिल्याच नोकरीला स्वतःच्या हाताने पाणी सोडतंय. इथे कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? प्रवचन नको, अनुभव सांगा.

शेंगदाणा

प्रवचन नको म्हणालात म्हणून थोडक्यात. लिहू नका. पकडलं गेलंय का? नाही. तिकीट, अटक, काही? नाही. मग आ बैल मुझे मार कशाला? माझ्या ओळखीत किमान तिघं आहेत, तिघांनी 'नाही' लिहिलं, तिघंही मजेत आहेत.

बटाटेवडा

शेंगदाणाशी सहमत. रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत आपल्याकडे कुठल्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं? माझी तर जन्मतारीखच १ जून आहे. गुरुजींनी दिलेली.

रेवा_व्हर्जिनिया

@बटाटेवडा, माझ्या सासऱ्यांचीही १ जूनच. :) पण हा फॉर्म रेशनकार्डाचा नाही, ते आधी ध्यानात घ्या.

मी गेली अठरा वर्षं क्लिअरन्स असलेल्या नोकरीत आहे. काय काम, कुठे, ते विचारू नका. पण ही प्रक्रिया स्वतः तीनदा पार केलीय आणि हाताखालच्या पोरांना फॉर्म भरताना शेजारी बसून पाहिलंय. (त्यांचे फॉर्म मी वाचत नाही, वाचायचेही नसतात.)

एक-एक सांगते. फॉर्मखाली सही केली की ते फेडरल सरकारला दिलेलं निवेदन होतं. मुद्दाम खोटं लिहिलं तर कायद्याच्या अठराव्या शीर्षकाचं कलम १००१ लागतं, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. एवढ्यासाठी फारसं कुणी तुरुंगात जात नाही, ते खरं. पण उलट बाजूने पाहा. त्याच कलम २३ वर स्पष्ट लिहिलंय की इथे खरं उत्तर दिलं तर ते तुमच्याविरुद्ध फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही. म्हणजे खरं बोलणाऱ्याला तिथे संरक्षण आहे आणि खोटं बोलणाऱ्याला नाही. फॉर्म बनवणाऱ्यांनी कल कुठे ठेवलाय, बघा.

दुसरं, निर्णय कशावर होतो. सीड-४ नावाचा निर्देश आहे, ८ जून २०१७ पासून लागू. त्यात ए पासून एम पर्यंत तेरा कसोट्या आहेत. अमली पदार्थांची कसोटी एच. आणि ई म्हणजे वैयक्तिक वर्तन, त्यातला मोठा भाग खरेखोटेपणाचा. तुमच्या मुलाचा गांजा फक्त एच मध्ये येतो. लपवला तर एच मध्ये राहतोच, वर ई सुद्धा उघडते. एच ला काळ हे औषध आहे. घेऊन किती दिवस झाले, किती वेळा घेतलं, ती संगत सुटली का, पुढे घेणार नाही असं लिहून देता का, हे पाहतात. ई ला असं औषध जवळपास नाही. 'मी तेव्हा खोटं बोललो' हे सहा वर्षांनीही तेवढंच ताजं दिसतं.

तिसरं, अ‍ॅडरॉल. गांजापेक्षा मी त्याची जास्त आठवण करून देईन, कारण ती गोळी पोरं विसरतात. डॉक्टरने दुसऱ्याला लिहून दिलेलं औषध घेणं हा त्याच कलमात वेगळा प्रश्न आहे. तेही लिहायचं.

शेंगदाणा

रेवाताई, पुस्तकी सांगताय. कळणार कसं, ते सांगा ना.

रेवा_व्हर्जिनिया

माणसांकडून कळतं. फॉर्ममध्ये तुम्हाला नीट ओळखणारी तीन माणसं द्यायची असतात, गेल्या तीन वर्षांच्या प्रत्येक पत्त्यावर तुम्हाला ओळखणारं कुणीतरी द्यायचं असतं. वरच्या दर्जाच्या तपासात तपासनीस त्यांना जाऊन भेटतो. आणि प्रत्येकाला विचारतो, आणखी कोण ओळखतं? यादीत नसलेली माणसं त्याला अशीच मिळतात. कोलंबियाकरांच्या मुलाचा रूममेट त्या यादीत असणारच. त्याने सहज सांगितलं, "हो, कधीतरी वीकएंडला," तर? त्याला काय माहीत, याने फॉर्मवर काय लिहिलंय.

त्या रूममेटला फोन करून 'असं सांग' म्हणून सुचवायच्या भानगडीत तर चुकूनही पडू नका.

कोलंबियाकर

@रेवा, खरं सांगायचं तर तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता. गेला, एवढंच.

अनामिक_२

हा आयडी आजच काढलाय आणि हे लिहून झालं की वापरणार नाही.

शेंगदाणा, तुमच्या ओळखीतले तिघं मजेत आहेत म्हणालात. मी चौथा समजा.

चौदा वर्षांपूर्वी मी एका कंत्राटी कंपनीत लागलो. कॉलेजात गांजा ओढला होता, तुमच्या मुलापेक्षा जास्त नाही. फॉर्मवर 'नाही' लिहिलं. मला कुणी शिकवलं नव्हतं, वडीलही जवळ नव्हते. भीती वाटली आणि 'नाही'वर टिचकी मारली, इतकं साधं. सीक्रेट क्लिअरन्स मिळाला. पाच वर्षं काम केलं, बढती झाली, घर घेतलं. मग वरच्या दर्जाचं काम आलं, त्याला पॉलिग्राफ (खोटं पकडायच्या यंत्राची चाचणी) होता.

पॉलिग्राफमध्ये यंत्र किती खरं बोलतं यावर हवा तितका वाद घाला. माझं यंत्राने काही पकडलं नाही. समोरचा माणूस शांतपणे म्हणाला, "फॉर्ममध्ये राहून गेलेलं काही सांगायचंय का?" पाच वर्षं मी त्या प्रश्नाची वाट पाहत होतो, हे तो विचारल्यावर कळलं. सांगून टाकलं.

काही महिन्यांनी स्टेटमेंट ऑफ रीझन्स आलं, म्हणजे तुमचा क्लिअरन्स का काढू नये याची कारणं. उत्तराला वीस दिवस. वकील केला, सुनावणी झाली. गांजाचा मुद्दा न्यायाधीशांनी माझ्या बाजूने सोडवला : जुनी गोष्ट, तरुणपणी, थोड्या वेळा, पुन्हा नाही. खोटं लिहिल्याचा मुद्दा विरुद्ध गेला. कुणी विचारायच्या आत स्वतःहून दुरुस्ती केली असती तर ते धरलं गेलं असतं, तशी तरतूद आहे. मी विचारल्यावर सांगितलं. क्लिअरन्स गेला, त्यापाठोपाठ नोकरी.

अशा सुनावण्या घेणाऱ्या, संरक्षण खात्याच्या डोहा या कार्यालयाचे असे निकाल वेबसाइटवर असतात, नाव काढून. माझाही आहे. अधूनमधून उघडून वाचतो. नाव नाही, पण दुसऱ्याच परिच्छेदात मला मी सापडतो.

आता मी इन्शुरन्स कंपनीच्या आयटीत आहे. बरं चाललंय. पण ज्या कामात मला खरी गोडी होती ते गेलं. कोलंबियाकर, मुलगा स्वतःहून थांबला आणि म्हणाला 'हो लिहावं लागेल'. मला तेवढं सुचलं नव्हतं.

मावशीबोले

अनामिक, वाचून गलबलून आलं. एवढं उघड लिहिलंत.

शेंगदाणा

@अनामिक_२, वाईट वाटलं. माझं वाक्य मागे घेतो. पूर्ण नाही, पण बरंचसं.

दादर_टू_डेन्व्हर

मी जरा उलट बोलतो. सगळे 'खरं लिहा, सगळं छान होईल' म्हणतायत. अमेरिकी सरकारचा या बाबतीतला इतिहास इतका साधा नाही.

मार्च २०२१ मध्ये व्हाइट हाउसमधल्या काही तरुण कर्मचाऱ्यांना पूर्वी गांजा घेतल्याच्या कारणावरून बाजूला केल्याच्या बातम्या आल्या. पाच जण आता नोकरीत नाहीत, असं प्रवक्त्या जेन साकींनी मान्यही केलं. इतरही कारणं असतील, पण खरं सांगणं नडलं अशी भावना तिथे होतीच. आणि ज्यांच्या नावाने ही सगळी यंत्रणा चालते त्या राष्ट्राध्यक्षांना, खासदारांना हा फॉर्म भरावा लागत नाही. निवडून आले की झालं. क्लिंटन १९९२ मध्ये म्हणाले, ओढला होता पण आत घेतला नाही. ओबामांनी तर लपवलंही नाही. मात्र १९८७ मध्ये डग्लस गिन्सबर्ग यांचं सुप्रीम कोर्टाचं नामांकन याच गांजापायी बारगळलं. म्हणजे नियम एक आणि माणूस पाहून निकाल दुसरा. कोलोरॅडोत २०१४ पासून दुकानं आहेत, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन. तिथून रीतसर पावती घेऊन आणलेली गमी सरकारी फॉर्मवर गुन्हा?

रेवा_व्हर्जिनिया

@दादर, गुन्हाच, कारण १९७० च्या फेडरल कायद्याने गांजा हेरॉइनच्या शेजारी पहिल्या यादीत बसवला. मूर्खपणा आहे असं माझंही मत आहे. पण फॉर्म माझं मत विचारत नाही.

मात्र वारं बदललंय हेही खरं. २०१४ मध्ये एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी म्हणाले होते की सायबर गुन्हेगारांशी लढायला चांगली पोरं हवीत, आणि त्यातली काही तर मुलाखतीला येताना वाटेतच गांजा ओढू पाहतात. नंतर सिनेटमध्ये त्यांना सारवासारव करावी लागली. पण २०२१ मध्ये एफबीआयने स्वतःची अट तीन वर्षांवरून एका वर्षावर आणली. त्याच वर्षी डिसेंबरात गुप्तचर संचालक अ‍ॅव्हरिल हेन्स यांचं परिपत्रक निघालं : पूर्वी मौजेसाठी घेतलेला गांजा विचारात घेतला जाईल, पण तेवढ्यावरून निर्णय होणार नाही. पुढे घ्यायचा नाही याची खात्री मात्र पटली पाहिजे. फॉर्मवर सही झाली की बंद म्हणजे बंद. २००८ च्या बाँड दुरुस्तीप्रमाणे सध्या अमली पदार्थ घेणाऱ्याला क्लिअरन्स देताच येत नाही, तिथे कुणाचीही दयामाया चालत नाही.

तुमची पावती म्हणाल तर, फॉर्ममध्ये घेण्याबरोबरच विकत घेण्याचाही वेगळा प्रश्न आहे. दुकानातली खरेदीही त्यात येते. पोरं हा प्रश्न हमखास चुकवतात. 'मी विकला नाही' म्हणून 'नाही' लिहितात.

आणि गेल्या ऑगस्टात म्हणजे फार जुनं नाही. कोलंबियाकर, खोटा धीर देत नाही. वेळ लागू शकतो, तात्पुरता क्लिअरन्स नाकारलाही जाऊ शकतो. फॉर्म विचारतो, 'पुढे घेण्याचा विचार आहे का?' मुलाने तिथे फिलॉसॉफी करू नये. 'कायदा बदलला तर बघू' असं लिहिणारे महाभाग असतात.

कोलंबियाकर

'कायदा बदलला तर' हेच शब्द त्याच्या तोंडून काल ऐकले. आता बोलतो त्याच्याशी.

काळा_कोट

मी इमिग्रेशनची कामं करते. इथे वाचणाऱ्यांत एच-वन आणि ग्रीन कार्डवाले पुष्कळ आहेत, म्हणून मध्ये पडतेय. हा सगळा सल्ला फक्त नागरिकांसाठी आहे. कोलंबियाकरांचा मुलगा जन्माने नागरिक आहे, त्यामुळे त्याच्यापुढे प्रश्न फक्त नोकरीचा आहे. जो नागरिक नाही त्याने गांजा घेतल्याचं अधिकाऱ्यापुढे कबूल केलं तर शिक्षा झालेली नसतानाही त्याला देशात येण्यास अपात्र ठरवता येतं. राज्यात कायदेशीर असला तरी. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसने, म्हणजे नागरिकत्व आणि इमिग्रेशनच्या खात्याने, तर स्पष्टच केलं की राज्याच्या परवानगीने घेतलेला गांजाही नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकतो.

याचा अर्थ खोटं बोला असा मुळीच नाही. व्हिसाच्या डीएस-१६० मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याचा भंग केलाय का असा प्रश्न असतोच, आणि तिथलं खोटं उत्तर दहा वर्षांनी नागरिकत्वाच्या वेळी वर येतं. अर्थ एवढाच, की आधी वकिलाला भेटा, मग कुठल्याही खिडकीशी जा. खोटं बोलायचं नाही, पण एकट्याने जाऊन भडाभडा बोलायचंही नाही.

आणि नंतर नागरिक झालेल्यांनी एक लक्षात ठेवा. तुमची जुनी फाइल सरकारकडेच आहे. व्हिसाला 'कधीच नाही' आणि एसएफ-८६ ला 'कॉलेजात पाच वेळा' असं असेल तर कुणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवू शकतो.

शेंगदाणा

मला आता घाम फुटला. काळा कोट, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मावशीबोले

एक बावळट प्रश्न. भांग चालते का? म्हणजे 'चालते का' तसं नाही. महाशिवरात्रीला नाशिकला आमच्या आजोळी ठंडाई असायची. कुणी 'ड्रग्ज' म्हणालं असतं तर आजीने लाटणं फेकून मारलं असतं.

रेवा_व्हर्जिनिया

प्रश्न बावळट नाही, आमच्याकडे दर दोन वर्षांनी कुणी ना कुणी देशी मूल हे विचारतं. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा आणि चरस आहेत. नुसती पानं, म्हणजे भांग, त्या व्याख्येतून बाहेर ठेवली आहेत आणि ती राज्यांच्या अखत्यारीत येतात. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात पानांना अशी सूट नाही. इथल्या नजरेत ठंडाईतली भांग आणि डेन्व्हरच्या दुकानातली गमी एकच.

दादर_टू_डेन्व्हर

पण भारतात, भारतीय कायद्याने चालणाऱ्या दुकानातून प्यायलेली गोष्ट 'बेकायदा' कशी? अमेरिकेचा कायदा वाराणसीच्या घाटावर लागू होतो का?

रेवा_व्हर्जिनिया

वकील यावर तासभर वाद घालतील. मी शेवटच्या 'अधिक माहिती'च्या रकान्यात दोन ओळी लिहीन : अमुक साली, सणाला, घरच्यांबरोबर, एकदा. लिहून टाकलेल्या ठंडाईने कुणाचा क्लिअरन्स गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

दादर_टू_डेन्व्हर

मी लिहिणार नाही. प्रश्न 'बेकायदा'चा आहे, मी बेकायदा काही केलेलं नाही. इथे आपलं जमणार नाही.

नागपूरचा_संत्रा

मी भारतातून लिहितोय. तुमच्या क्लिअरन्सचं मला काही कळत नाही, पण फॉर्मवरच्या खोट्याचं कळतं. माझ्या भाच्याची केंद्रीय पोलीस दलात निवड झाली होती. साक्षांकन नमुन्यात विचारतात, कधी गुन्हा दाखल झालाय का. कॉलेजच्या मोर्चात दगडफेक झाली तेव्हा सरसकट तीस पोरांवर गुन्हा होता, त्यात हाही. सुटला होता. घरच्यांनी सांगितलं, सुटलास ना, मग नाही लिही. नियुक्ती गेली. मोर्चापायी नव्हे, 'नाही' या शब्दापायी.

सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग विरुद्ध केंद्र सरकार हा निकाल आहे, तीन न्यायमूर्तींचा. क्षुल्लक, तरुणपणीची गोष्ट असेल, घोषणा दिल्यासारखी, तर लपवल्याबद्दलही माफ करता येईल, असं त्यात म्हटलंय. पण माहिती दडवणं हे नोकरी जायला पुरेसं कारण होऊ शकतं, हेही त्यातच आहे. भाचा अजून कोर्टाच्या चकरा मारतोय.

बटाटेवडा, तुमची १ जूनची तारीख वाचून हसलो. पण आपल्याला ती सवय लागलीय खरी. फॉर्म म्हणजे बाबूला खूश करायचा कागद. खरं-खोटं घरात.

बटाटेवडा

@संत्रा, मान्य. मी गंमत केली होती, पण तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

कोलंबियाकर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. अनामिकांचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. त्याला मराठी वाचता येत नाही, ऐकलेलं कळतं. तो काही बोलला नाही. रात्री येऊन म्हणाला, "तुला वाटतं मी घाबरून खरं लिहितोय?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "थोडा घाबरून लिहितोय."

मग आम्ही बसलो. पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी, किती वेळा, फॉर्म हे सगळं महिना-वर्षासकट विचारतो. तो बोटांवर मोजत होता, मी ऐकत होतो. बापाने ऐकायची ही यादी नव्हे. 'दहा-बारा' मोजता मोजता चौदा झाले. गमी दोनदा विकत घेतली होती, तेही लिहिलं. अ‍ॅडरॉल लिहिलं. पुढे घेणार का : नाही. तिथे थोडा कुरकुरला, पण आता त्याला ते मनापासून पटलेलं दिसतंय, निदान मला तसं दिसतंय. सही झाली, पाठवला.

रेवाताई, एक विचारायचं राहिलं. मुलाखतीत 'कुणाबरोबर' असं विचारतात का? त्याला मित्रांची नावं द्यायची नाहीत.

रेवा_व्हर्जिनिया

विचारू शकतात. गांजा ओढणाऱ्या पोरांना पकडायला ते आलेले नसतात, तुमच्या मुलाची संगत तीच आहे का हे त्यांना पाहायचं असतं. पण तिथे जाऊन 'आठवत नाही' म्हणायचं नाही. आठवतंय ना? मित्रांना आधीच सांगून ठेवावं, की माझा फॉर्म गेलाय, तुमच्याकडे कुणी आलं तर जे आहे ते सांगा. बास, याहून एक शब्द जास्त नाही.

कोलंबियाकर

(पाच महिन्यांनंतर) धागा वर काढतोय, कारण काहींनी व्यनित विचारलं.

तात्पुरता क्लिअरन्स मिळाला नाही. कंपनीने त्याला क्लिअरन्स न लागणाऱ्या कामावर घेतलंय, पगार थोडा कमी. गेल्या महिन्यात तपासनीस बाईंची मुलाखत झाली, अडीच तास. गांजावर पंधरा-वीस मिनिटं. बाईंनी चौदाच्या चौदा वेळा शांतपणे लिहून घेतल्या, अ‍ॅडरॉलचं विचारलं, पुढे गेल्या. शेजारच्या आजींकडेही येऊन गेल्या. आजींनी आम्हाला सांगितलं, "मी म्हटलं, मुलगा चांगला आहे, पण माझं बर्फ फक्त दोनदा काढलं."

खरा वेळ गेला तो सोलापूरच्या मामावर. मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त, दर रविवारी व्हिडिओ कॉल. परदेशी सरकारी नोकरीत होते का, किती वेळा बोलता, काय बोलता, पैसे पाठवता का. मुलगा म्हणाला, "आम्ही क्रिकेटवर बोलतो." बाईंनी विचारलं, "दर रविवारी?" पाऊण तास मामा.

निकाल अजून नाही. काल मेल आलाय, भारताच्या एका सहलीच्या तारखा सरकारी नोंदीशी जुळत नाहीत, खुलासा करा. त्या तारखा मी त्याला तोंडी सांगितल्या होत्या, अंदाजाने. तो म्हणाला होता, पासपोर्ट बघून सांग. मी म्हटलं होतं, लिही रे, कोण बघतंय.

जुने पासपोर्ट शोधतोय.

मावशीबोले

कपाटावरच्या सुटकेसमध्ये बघा. आमचे तिथेच सापडले, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटखाली.